चार उभ्या, एक आडवी

“ही पाच कसली?” साहेबानं विचारलं.

मी नाक्यावरच्या चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पॅड, पॅडला मोजणीचा तक्ता. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर साहेबाचं बोट होतं. रकान्याचं नाव ‘इतर’. सकाळपासून त्यात काहीच नव्हतं. आता चार उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्या अंगावरून एक आडवी.

मोजणीत रेघा अशाच मारतात. एक गाडी गेली की एक उभी रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी. म्हणजे पाचाचा गठ्ठा. संध्याकाळी नुसते गठ्ठे मोजायचे.

“साहेब, ते पाच नाहीत,” मी म्हणाले. “एकच आहे. जनाजा गेला.”

“कसला जनाजा?”

“आमच्या वस्तीतल्या चाचीचा. रस्ता ओलांडून पलीकडं कब्रस्तानात नेला.”

“गाडीतून?”

“नाही. खांद्यावरून.”

साहेबाबरोबर जीपमधून उतरलेले दोघं एकमेकांकडं बघायला लागले. साहेब सल्लागार कंपनीचा. नगरपालिकेनं रस्त्याची मोजणी त्या कंपनीला दिलेली आणि कंपनीनं मला दहा दिवसांसाठी खुर्चीवर बसवलेलं.

“मग मला सांग, जनाजा हे वाहन आहे का?”

मी तक्त्यातल्या त्या रेघांकडं बघितलं.

“सांग ना. पेट्रोलवर चालतो की डिझेलवर?”

दोघं हसले. टपरीवर चहा पिणारे चारपाच जण, ज्यांना काय चाललंय हे धड कळलंही नव्हतं, तेही हसले. माझ्या डोक्यावरचा स्कार्फ एकदम जड झाला.

“तुम्हा लोकांना काम दिलं की हा असला घोळ,” साहेब म्हणाला. आवाज चढवून नाही. अगदी नेहमीच्या आवाजात. “खोडू नकोस. खाडाखोड चालत नाही. नवीन तक्ता घे, सगळं उतरवून काढ, खाली सही कर.”

मी उतरवून काढलं. दुचाकी, रिक्षा, मोटारी, टेम्पो, ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, बैलगाडी. ‘इतर’पुढं शून्य घातलं. खाली ‘मोजणी करणार’ असं छापलेलं, तिथं सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे.

जुना तक्ता साहेबानं चुरगाळला आणि त्याच कागदानं जीपच्या आरशावरची धूळ पुसली. मुद्दाम नाही पुसली. हाताशी कागद होता आणि आरसा मळला होता, इतकंच. मला मात्र ते अजून दिसतं.

ती हमीदाचाची होती. मी अकरा वर्षांची असताना माझी अम्मी गेली. त्यानंतर दर शुक्रवारी मला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावणारी, गुंता ओढून काढताना शिव्या देणारी ही बाई. माझं लग्न मोडलं आणि मी ट्रंक घेऊन वस्तीत परत आले, तेव्हा का आलीस असं न विचारणारी ही एकटी. ती पहाटे गेली आणि मी सकाळी आठला मोजणीवर हजर झाले. खुर्ची सोडली तर नाव कमी होईल, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आमच्या वस्तीत बायका कब्रस्तानात जात नाहीत. रस्त्याच्या कडेपर्यंत येतात आणि थांबतात. जनाजा रस्ता ओलांडतो, पलीकडच्या फाटकातून आत जातो, तोवर बघत राहतात. आम्हा बायकांच्या वाट्याला तेवढाच रस्ता. अम्मीला नेलं तेव्हा मी तिथंच उभी होते, चाचीचा हात धरून. त्या सकाळी वस्तीतल्या सगळ्या बायका कडेला उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्यापासून वीस पावलांवर खुर्चीत बसलेले. त्या रडत होत्या. मी मोजत होते.

जनाजा रस्त्याच्या मध्ये आला तसा दोन्हीकडचा गाड्यांचा लोंढा आपोआप थांबला. एक उसाची ट्रॉली थांबली, एक एसटी थांबली. त्यांच्या रेघा मी मारल्या. मग हात आपला आपण शेवटच्या रकान्यात गेला. चार उभ्या, एक आडवी. चौघं खांदेकरी आणि त्यांच्या खांद्यावर ती. मी पाचाचा गठ्ठा केला नव्हता. मला चाचीला कुठंतरी लिहायचं होतं.

चुकीचंच होतं ते, नियमानं बघितलं तर. पण एक सांगते. त्या तक्त्यात बैलगाडीला रकाना होता. दहा दिवसांत एकही बैलगाडी आली नाही, तरी रकाना होता. चालणाऱ्या माणसाला नव्हता.

आता हा रस्ता कसला आणि मोजणी कशाला, ते सांगते. साताऱ्याची हद्द वाढली आणि आमचं गाव शहरात आलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला सुभेदारांचं आणि त्यांच्या भावकीचं उसाचं रान होतं. सुभेदार म्हणजे आमच्याच गावचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्या रानात सात मजली इमारती उभ्या राहिल्या. दोन भरल्यात, बाकीच्यांना परवानगी हवी होती. गाड्या वाढणार, मग रस्ता रुंद करायचा, मध्ये दुभाजक घालायचा, म्हणून मोजणी. खालच्या अंगाला आमची वस्ती. शाळा, दवाखाना, कब्रस्तान, सगळं वरच्या अंगाला.

वस्ती म्हणजे कारागिरांची घरं. अब्बा पत्र्याच्या पेट्या करतात. फौजेत निघालेल्या पोरांच्या काळ्या पेट्या, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आसपासच्या गावांतून भरती झालेल्या कितीतरी पोरांची नावं अब्बांच्या हातची आहेत. सुभेदारांची पेटीही त्यांनीच केलेली. अम्मीच्या जनाज्याला सुभेदार सुट्टीवर आले होते. रस्त्यात ते नुसती टोपी काढून थांबले नाहीत, पुढं होऊन खांदा दिला. हे मी कडेला उभं राहून पाहिलंय, म्हणून सांगते.

मोजणीचं काम मिळालं तेव्हा अब्बांनी वस्तीभर सांगितलं होतं, पोरीला सरकारी काम लागलं. सरकारी नव्हतंच ते. पण मी त्यांना तसं बोलू दिलं. मलाही बरं वाटत होतं.

महिन्याभरानं नगरपालिकेच्या फलकावर अहवाल लागला. त्यात आमच्याबद्दल एकच ओळ होती. वस्तीसमोर रस्ता ओलांडणाऱ्यांची नोंद आढळली नाही, सबब सलग दुभाजक प्रस्तावित. कट नाही. दुभाजक मध्ये तोडून जी वाट ठेवतात, तिला आमच्याकडं कट म्हणतात. एक कट वर इमारतींच्या फाटकासमोर, दुसरा खाली पेट्रोल पंपापाशी. मधला सगळा रस्ता बंद. शाळेत जायचं तर पंपापर्यंत चालत जा, ओलांडा, पुन्हा तितकंच वर या. जनाजाही तसाच न्या.

त्याच दुपारी शमाबाजी आमच्या दारात आली. शेजारची. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

“तूच बसली हुतीस न्हवं तितं? धा दिस?”

“मीच.”

“म्या रोज चार डाव रस्ता वलांडती. तुझ्या म्होरनं. मग आमी काय भुतं हुतो व्हय गं?”

रकाना नव्हता, हे मी तिला कसं सांगणार. सांगितलंही. ती म्हणाली, “आसंल,” आणि गेली. तेव्हापासून नळावर माझी कळशी आली की बायकांचं बोलणं थांबायचं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळ्यांच्यात होते आणि माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. ज्या एका बाईनं मला शिव्या देऊन जवळ ओढलं असतं, तिच्यापुढं मी शून्य घातलं होतं.

अब्बांनी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी एका पेटीवर नाव घालताना, मान वर न करता म्हणाले, “सही किली व्हतीस?”

“केली होती.”

ब्रश चालूच होता. जरा वेळानं मी विचारलं, “अब्बा, नाव चुकलं तर काय करता?”

“वलं आसंल तर रॉकेलचा बोळा. वाळलं तर खरडाय लागतंय. पत्र्यावर वरखडा ऱ्हातो मग.”

त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

हरकतींच्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत इमारतींमधले रहिवासी. सुभेदार त्यांच्यातच, पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. आमची माणसं मागं उभी. मी एका बाजूच्या बाकावर, कंपनीच्या माणसांबरोबर. कंपनीनंच बोलावलं होतं, काही शंका निघाली तर असावी म्हणून. वस्तीनं मला तिथं बसलेलं बघितलं.

साहेबानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मग रहिवाशांपैकी एक बाई बोलली. तिच्या मुलाला फाटकापाशी दुचाकीनं उडवलं होतं, पायात सळई आहे. “मला भांडायचं नाही कुणाशी,” ती म्हणाली. “पण जितके कट तितके अपघात. मी रोज जीव मुठीत धरून त्याला बसपाशी सोडते.” ती खोटं बोलत नव्हती. मला तिची कीव आली. आमची पोरंही तोच रस्ता ओलांडतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण? मोजणारी मी.

तिच्यानंतरचा गृहस्थ म्हणाला, “झोपडपट्टीच्या सोयीसाठी आम्ही जीव धोक्यात घालायचा का?” आमची घरं त्याच्या इमारतीच्या कितीतरी आधीची. रस्त्याच्याही आधीची.

मग अब्बा उठले. टोपी नीट केली, हात जोडले.

“साहेब, लय न्हाई मागत. आमच्या म्होरं येक कट ठिवा. पोरं साळंला जात्यात. मयत न्यायाला लागतंय. बारका चालंल, पर कट पायजे.”

मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “चाचांचा कट आहे बरं का. जपून.”

सभागृह हसलं. कट म्हणजे वाट, आणि कट म्हणजे कारस्थान. मराठीत दोन्हीला शब्द एकच. दुसऱ्या कुणी कट मागितला असता तर लोकांना रस्ताच आठवला असता. आमच्या नावाच्या माणसानं मागितला की दुसरा आठवतो. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. “पुन्हा म्हणा चाचा, कट पाहिजे म्हणा,” एकजण म्हणाला.

अब्बाही हसले. त्यांना विनोद कळलाच नाही. त्यांना वाटलं, लोक खूश झाले, आता काम होणार. आणि त्यांनी पुन्हा म्हटलं, “व्हय, कट पायजे.” सभागृह आणखी हसलं. माझा बाप जोडलेल्या हातांनी हसणाऱ्यांबरोबर हसत होता आणि मी बाकावर बसून ते बघत होते. सुभेदारांकडं पाहिलं. ते हातातला कागद वाचत होते. कागद कोरा होता, मला बाजूनं दिसत होतं.

अध्यक्ष म्हणाले, “शांत व्हा. आकडे काय म्हणतात?”

“आकड्यांत ही वस्ती येतच नाही,” साहेब म्हणाला. “आणि मोजणी त्यांच्याच वस्तीतल्या मुलीनं केलीय. बसलीय ती इथं. ऊठ गं.”

मी उठले.

“हे तक्ते तुझेच?”

“माझेच.”

“सही तुझी?”

“माझी.”

“झालं तर. बस खाली.”

अब्बा माझ्याकडं बघत होते. अजून थोडं हसू तोंडावर राहिलेलं. ते हळूहळू उतरलं. अख्ख्या सभागृहात मी आणि ते, मध्ये एवढी माणसं, आणि दोघांनाही कुणी नाही. मला आरशावर फिरणारा तो कागद दिसला. मी बसले नाही.

“एक मोजलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही ते काढायला लावलंत.”

“काय?”

“जनाजा. तुम्ही विचारलं होतं, पेट्रोलवर चालतो की डिझेलवर. या सगळ्यांना पण विचारा ना. हसतील.”

कुणी हसलं नाही.

“हे बघ,” साहेब म्हणाला, “तुझं काम मोजायचं होतं. बोलायचं नाही.”

“माणसं मोजायचं काम तुम्ही दिलंच नाहीत. शाळेची पोरं रोज माझ्या समोरून गेली. बाया गेल्या. मी त्यांना मोजलं नाही आणि मोजलं म्हणून सही केली. ती सही चुकली माझी.”

मी टेबलाकडं गेले. कुणी अडवलं नाही, कुणाला वाटलंच नसेल. तक्त्यांची फाइल उघडीच होती. अध्यक्षांपुढचं पेन उचललं आणि पहिल्या तक्त्यावरची माझी सही खोडली. एका रेघेनं नाही. खरडली, कागद फाटेस्तोवर. मग दुसरी. मग तिसरी.

“अगं, खाडाखोड चालत नाही,” साहेब ओरडला.

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तुम्हीच शिकवलंत.”

चाचीच्या दिवसाचा तक्ता सापडला. ‘इतर’पुढचं शून्य तसंच होतं, माझ्या चांगल्या अक्षरातलं. मी ते खोडलं आणि त्याच्या शेजारी काढलं. चार उभ्या, एक आडवी. तोवर शिपायानं माझा दंड धरला होता.

बाहेर जिन्यावर मी एकटीच बसले. मला वाटलं होतं, मागोमाग कुणीतरी येईल. शमाबाजी येईल, निदान अब्बा येतील. कुणी आलं नाही. अब्बा आत उभेच होते. साहेबानं जा म्हटल्याशिवाय जायचं नसतं, असंच ते आयुष्यभर वागत आले. अर्ध्या तासानं बाहेर आले, माझ्याजवळ थांबले, म्हणाले, “चल.” घरापर्यंत तेवढंच बोललो.

हे वाचून कुणाला वाटेल, मग सगळं सुरळीत झालं. नाही झालं. मला कंपनीची नोटीस आली. सरकारी कागद खराब केल्याबद्दल नगरपालिकेचीही आली, तिचं उत्तर अजून द्यायचंय. मोबाइलवर जी चित्रफीत फिरली, तिच्यात मी नाही. तिच्यात फक्त अब्बा आहेत, हात जोडून कट पायजे म्हणणारे. आमच्या पाहुण्यांनीसुद्धा ती पाहिली. अब्बांना विनोद आता कळलाय. मीच समजावून सांगितला, त्यांनी विचारल्यावर. त्या दिवसापासून ते दुभाजकातल्या मोकळ्या जागेला कट म्हणत नाहीत. वाट म्हणतात.

इमारतींना परवानगी मिळाली. दुभाजक मंजूर झाला. वस्तीसमोरचा चौदा पावलांचा तुकडा तेवढा फेरमोजणीपर्यंत बाकी ठेवलाय. सिमेंटचे ठोकळे कडेला रचून तयार आहेत.

एके संध्याकाळी सुभेदार घरी आले. पेटीच्या पत्र्यावर बसले, चहा घेतला. अब्बा त्यांच्याशी ऊस आणि पाऊस असलं काहीतरी बोलत राहिले. निघताना सुभेदार मला म्हणाले, “पोरी, मी तवा बोलाय पायजे हुतं.”

“व्हय,” मी म्हणाले. “तवाच पायजे हुतं.”

अब्बांना ते आवडलं नाही. घरी आलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. पण अम्मीला खांदा देणारा माणूस कोरा कागद वाचत बसतो, याचं मला जे वाटलं, ते मी चहाबरोबर गिळणार नव्हते. फेरमोजणीनंतरच्या सभेत तरी येऊन बोला, असंही त्यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

सोमवारी फेरमोजणी सुरू झाली. चिंचेखाली तीच खुर्ची, तिच्यात दुसऱ्या कंपनीचा माणूस. मी जाऊन त्याचा तक्ता बघितला. बैलगाडीचा रकाना आहे. माणसाचा नाही.

मी घरातून स्टूल नेलं आणि त्याच्या शेजारी मांडलं. शंभर पानी वही, पट्टीनं आखलेली. पहिला रकाना शाळेची पोरं. दुसरा बाया. तिसरा म्हातारी माणसं. शेवटचा जनाजा. ‘इतर’ नावाचा रकाना माझ्या वहीत नाही. रोज आठ ते आठ बसते. प्रत्येक पानाखाली सही करते आणि आदल्या दिवसाचं पान दुपारच्या जेवणाच्या वेळात नगरपालिकेत नेऊन देते, पोच घेऊन. आवक खिडकीवरची बाई आता न बोलता शिक्का मारते. वस्ती अजून माझ्याशी फारशी बोलत नाही. शमाबाजी तेवढी ओलांडून आली की वहीत वाकून बघते, आपली रेघ मारली का ते, आणि निघून जाते.

अब्बा थकलेत. हातोडा फार वेळ चालत नाही. परवा चहा पिताना त्यांनी विचारलं, “मला कुटनं न्हेतील गं? पंपावरनं?”

“नाही,” मी म्हणाले. “समोरनं.”

कसं, ते त्यांनी विचारलं नाही. इथं लिहून ठेवते. अम्मीच्या वेळी मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. चाचीच्या वेळी कडेला बसून मोजत राहिले. तिसऱ्यांदा मी कडेला थांबणार नाही. बायका पुढं जात नाहीत म्हणणाऱ्या आपल्या माणसांचंही ऐकणार नाही. तिथं वाट ठेवलेली असो नाहीतर छातीएवढे ठोकळे घातलेले असोत, त्या दिवशी वही घरी ठेवून मी रस्त्यात उतरणार आणि दोन्ही हात वर करून दोन्हीकडच्या गाड्या थांबवणार. कुणाला मोजायचं असेल त्यानं मोजावं. चार उभे, एक आडवा, आणि त्यांच्या पुढं रस्त्याच्या मधोमध मी.